पेरापेरातली हरळी

क्रिकेटचा सामना सुरू होण्याआधी समालोचक खेळपट्टीवर वाकतात. तडे दाखवतात, किल्ली खुपसून मातीचा कडकपणा जोखतात, चेंडू कितव्या दिवसापासून वळेल याची भाकितं करतात. त्या बावीस यार्डांच्या भोवती एकरांनी पसरलेल्या गवताच्या वाट्याला मात्र 'आउटफिल्ड फास्ट आहे' एवढंच वाक्य येतं. फार तर 'हिरवंगार' हे विशेषण. पण हिरवेपणा हा गवताचा सगळ्यात वरवरचा गुण. तो रंग मारूनही आणता येतो, आणि तसा तो आणल्याची हकिगत पुढे येणारच आहे. मैदानाच्या गवताचा खरा रस त्याच्या विणीत असतो. तो चाखायचा तर सीमारेषेपाशी उकिडवं बसावं, पाती बोटांनी विंचरून बाजूला सारावीत आणि खाली काय चाललंय ते पाहावं.

खाली बहुतेक वेळा हरळी सापडते. कधी कोरियन लॉन म्हणून विकली जाणारी झॉयसिया असते, कधी खाऱ्या पाण्याला न घाबरणारं पास्पॅलम असतं. उष्ण प्रदेशात चालणारी ही सगळी भावंडंच. पण उन्हाच्या मुलखातल्या मैदानांवर खरं राज्य सायनोडॉन कुळाचं. जगभर त्याला बर्म्युडा म्हणतात. आपला नर्सरीवाला 'सिलेक्शन वन' म्हणून त्याची गादी चौरस फुटाच्या भावाने विकतो. शेतकरी हरळी म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडतो आणि भाद्रपदात त्याचीच कोवळी टोकं एकवीसच्या जुड्या होऊन गणपतीच्या मस्तकावर चढतात. देवघर, बांध आणि स्टेडियम या तिन्ही ठिकाणी एकाच वनस्पतीबद्दल इतकी टोकाची मतं का, याचं उत्तर तिच्या बांधणीत आहे.

ही बांधणी आडवी आहे. राय ग्रास घ्या, किंवा आपलं माळावरचं एखादं साधं गवत घ्या: एका जागी ठोंब धरतं आणि तिथूनच वर जातं. हरळी निघते ती कडेला. एक धावता देठ जमिनीला चिकटून पुढे सरकतो, दुसरा जमिनीखालून जातो, पांढरट, टणक, सुईसारख्या टोकाचा. शेतात ज्यांना काश्या म्हणतात त्या याच. दोन्हींवर थोड्या थोड्या अंतराने पेरं असतात आणि प्रत्येक पेराला दोन्हीकडे जायची मुभा असते, खाली मुळं सोडायची आणि वर पाती फोडायची. त्यामुळे या रोपाला एक असं बूड नाही. जिथे पेर टेकलं तिथे बूड.

हे फार जुन्या काळी कुणीतरी नेमकं टिपून ठेवलं आहे. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेच्या तेराव्या अध्यायात, अग्निचयनाच्या विधीत, दूर्वेला उद्देशून एक मंत्र येतो. कांडाकांडातून, पेरापेरातून पसरत जाणाऱ्या दूर्वे, आम्हालाही तशीच शेकड्यांनी, हजारांनी वाढव, असा त्याचा आशय. या विनवणीत रंग नाही, गंध नाही, कोवळेपणाचं कौतुक नाही. पाहिलं आहे ते फक्त पेर. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातलं वर्णन याहून फारसं पुढे जात नाही आणि एवढं नेटकं तर क्वचितच असतं.

आता तेच पेर शेतकऱ्याच्या बाजूने वाचा. हरळीच्या रानात औत घातलं की काश्यांचे तुकडे होतात, आणि पेर असलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होऊन उठतो. मारायला जावं तर ती वाढते. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काश्या उन्हात करपू द्यायच्या, मग वेचून ढीग करून जाळायच्या, आणि एवढं करून पहिल्या पावसानंतर बांधाच्या कडेने पुन्हा हिरवी रेघ दिसते ती दिसतेच. मैदान तयार करणारा माणूस हीच कृती मुद्दाम करतो. काश्या आणि धावते देठ कातरून तुकडे करतो, वाळूमिश्रित मातीवर विखुरतो, हलका रोलर फिरवून दाबतो, पाणी मारतो. ऊन आणि ओल दोन्ही मिळाली तर काही आठवड्यांत जमीन झाकते. शेतातलं संकट आणि मैदानातली लागवड यांत तंत्राचा फरक शून्य.

आणि मैदानाला ही आडवी वाढ का हवी, तर मैदान हे सतत फाटणारं कापड आहे. वेगवान गोलंदाजाची टाच त्याच त्याच जागी आदळते, क्षेत्ररक्षक घसरत येतो, फुटबॉलपटूच्या बुटाचे खिळे वळताना माती उचकटतात. ठोंब धरणाऱ्या गवताचा ठोंब उपटला गेला की तिथे भोक पडतं आणि नवं बी टाकेपर्यंत भोकच राहतं. हरळीच्या मैदानात भोकाच्या चारही कडांनी धावते देठ आत शिरतात आणि आपापली पेरं टेकवत जागा विणून काढतात. रफूच, पण रफूगार बाहेरून यावा लागत नाही.

कापणीचा भाग मला या रचनेत सगळ्यात देखणा वाटतो. झाडाचा शेंडा खुडला की वाढ अडते. गवताचं वाढीचं केंद्र मात्र जमिनीलगत, पात्यांच्या तळाशी लपलेलं असतं. चरणाऱ्या जनावरांच्या तोंडाखाली लाखो वर्षं काढलेल्या कुळाची ही तजवीज आहे. हरळी त्याहून एक पाऊल पुढे जाते. तिला वरून सतत कापत राहिलं की ती वर जायचा नाद सोडते आणि बाजूला आणखी फुटवे काढते. क्रिकेटच्या आउटफिल्डवर पाती जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर ठेवतात आणि त्या उंचीवर हरळी विरळ होण्याऐवजी दाट होते. चेंडू जो घरंगळतो तो या दाटीवरून.

ज्या यंत्राने ही कापणी होते त्याचं मूळही मजेशीर आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या एडविन बडिंगने १८३० साली फिरत्या पात्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला ही कल्पना सुचली ती लोकरीच्या कापड गिरणीत. विणलेल्या कापडावरची जादा लव कातरून त्याला सफाई देणारं यंत्र तिथे होतं. मैदानाला कापड म्हणणं ही केवळ लेखकाची हौस नव्हे, असं समजायला हरकत नाही. टीव्हीवर फिकट आणि गडद असे पट्टे दिसतात तेही या यंत्राच्या रोलरचं काम. एका पट्ट्यातली पाती आपल्यापासून दूर लवलेली, शेजारच्या पट्ट्यातली आपल्याकडे. गवत तेच, उंची तीच, फक्त उजेड परतण्याचा कोन वेगळा.

दोषही सांगायला हवेत. हरळीला आवर घालणं जमत नाही. नवे देठ जुन्या देठांवर चढतात, मेलेले कुजायच्या आत नवे येतात, आणि काही वर्षांत माती आणि पाती यांच्यामध्ये तपकिरी, स्पंजासारखा थर साचतो. पाणी त्याच्यावरच अडतं, चेंडूची उसळी बसते, मुळं वरच्या वर राहतात. मग उभ्या पात्यांनी हा थर चिरावा लागतो, पोकळ सुळ्यांनी जमिनीला भोकं पाडून मातीचे गुल्ले बाहेर काढावे लागतात, वर वाळू पसरून झाडूने आत लोटावी लागते. दोन-तीन आठवडे मैदान खरूज झाल्यासारखं दिसतं. त्याच काळात एखादा पदाधिकारी येऊन माळ्याला झापतो, हेही ठरलेलंच. दुसरा दोष असा की तिला वाढू दिलं आणि मग एकदम खाली कापलं, तर हिरवं सगळं वरच्या वर जातं आणि खालचे वाळके दांडे उघडे पडतात. थोडं आणि वारंवार कापणं एवढंच तिला मान्य असतं.

मुंबईत या शिस्तीला दरवर्षी सुट्टी मिळते. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते, आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल अशा मैदानांवर. पाऊस थांबत नाही, ओल्या जमिनीवर मशीन घालता येत नाही, आणि हरळीला तर हेच दिवस भरात यायचे. गवत घोट्याला लागतं. जमिनीलगत मारलेला सुंदर कव्हर ड्राइव्ह पंधरा पावलांवर गवतात रुतून बसतो आणि फलंदाजाला एक धाव मिळते, तीही धावपळ करून. इथे तंत्रशुद्ध माणसालाही चेंडू उचलून मारायला शिकावं लागतं. स्टेडियममध्ये आपण हरळी माणसाने संपादित केलेली वाचतो. कांगा लीगमध्ये ती मूळ हस्तलिखितात असते, आणि माझा कल हस्तलिखिताकडे आहे.

हरळीचा हा बहर उन्हाशी बांधलेला असतो. वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतात तो ज्या विकराने, त्याला उष्म्यात एक खोड लागते: कार्बन डायऑक्साइडऐवजी तो ऑक्सिजनच पकडू लागतो आणि कमावलेलं वाया घालवतो. गहू, भात, राय ग्रास यांची उन्हाळ्यात दमछाक होते ती यामुळे. काही वनस्पतींनी यावर तोड काढली. बाहेरच्या पेशींत दुसऱ्या विकराने कार्बन डायऑक्साइड गोळा करायचा आणि शिरांभोवतीच्या आतल्या पेशींत तो दाटीने कोंबायचा, म्हणजे पहिल्या विकराला ऑक्सिजनशी गाठ पडायला वावच उरत नाही. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६०च्या दशकात हा मार्ग उलगडला तो उसाच्या पानांत. ज्वारी, बाजरी, मका यांचाही मार्ग हाच, आणि हरळीचाही. भाकरी आणि बाउंडरी एकाच रसायनावर चालतात. पारा तीस-पस्तीस अंशांवर गेला की बाकीची गवतं मान टाकतात आणि हरळी कामाला लागते.

पण या रसायनाला उजेडाची भूक मोठी असते. सावली तिला अजिबात चालत नाही. याचा सर्वांत महागडा पुरावा अमेरिकेत ह्यूस्टनला मिळाला. १९६५ च्या एप्रिलमध्ये तिथे ॲस्ट्रोडोम उघडला, छप्पर असलेलं, वातानुकूलित, बेसबॉल आणि फुटबॉलसाठीचं अवाढव्य स्टेडियम. जाहिरात करणाऱ्यांनी त्याला जगातलं आठवं आश्चर्य ठरवून टाकलं होतं. आत खरं गवत वाढवायचं म्हणून घुमटाला हजारो पारदर्शक तावदानं बसवली होती, आणि खाली बर्म्युडा. गवत जगत होतं. अडचण आली खेळाडूंची. दिवसाच्या सामन्यांत तावदानांची तिरीप अशी डोळ्यांत जायची की उंच उडालेला चेंडू दिसेनासा व्हायचा. उपाय म्हणून तावदानांना रंग फासला. खेळाडूंना चेंडू दिसू लागला आणि गवत मरू लागलं. मोसमाचा उरलेला भाग वाळक्या गवतावर आणि उघड्या मातीवर खेळला गेला, आणि प्रेक्षकांना बरं दिसावं म्हणून त्या वाळक्या गवताला हिरवा रंग मारला होता. पुढच्या वर्षी तिथे कृत्रिम गवत अंथरलं, ज्याला नंतर ॲस्ट्रोटर्फ हे नाव मिळालं. आज आपल्याकडे गल्लोगल्ली 'टर्फ' बुक करून मुलं खेळतात, त्या प्लास्टिकच्या हिरवळीच्या घराण्याची सुरुवात अशी एका मेलेल्या बर्म्युडाच्या जागेवर झाली.

थंडीतही ती अशीच हट्टी. माती दहा अंशांच्या आसपास उतरली की हरळी पानांतला हिरवा रंग काढून घेते, साठवण काश्यांत ठेवते आणि झोपते. ही मरणकळा नसते, पण दिसते तशीच. अमेरिकेच्या दक्षिणेत यावर एक नाटकी तोडगा निघाला. जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल या गोल्फ क्लबवर दर शरदात बर्म्युडावर राय ग्रासचं बी पेरतात. एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धा होते तेव्हा जगभरच्या डोळ्यांना जो हिरवा गालिचा दिसतो तो या पाहुण्या गवताचा. मालकीण खाली अर्धवट झोपेत असते. उन्हाळा तापला की राय संपतं, बर्म्युडा वर येते, पण तेव्हा क्लब बंद असतो आणि तिला पाहायला कुणी नसतं.

हिमालयाच्या कुशीत असे डाव अवघड होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिसरी कसोटी धरमशालेहून इंदूरला हलवावी लागली. कडाक्याच्या हिवाळ्यामुळे नव्याने केलेल्या आउटफिल्डवर गवत पुरेसं दाट झालेलं नाही, असं बीसीसीआयने कारण दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विश्वचषकाच्या सामन्यात अफगाणिस्तानच्या मुजीबने धरमशालेत चेंडू अडवायला झेप घेतली आणि गुडघ्याने गवताचा मोठा लचकाच उचकटला. प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट चिडले ते योग्यच होतं. वरून मैदान टीव्हीवर कमालीचं सुंदर दिसत होतं, मागे धौलाधारच्या रांगा वगैरे. खाली मुळांनी माती धरलेली नव्हती. रंग वाचला, वीण वाचली नाही, की हे होतं.

रंगाचा हा हव्यास आपल्याकडे कोर्टापर्यंतही गेला आहे. २०१६ च्या दुष्काळात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं जात होतं त्या एप्रिलमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. वाद मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा होता. त्या वादात हरळीची बाजू कुणी मांडली नाही, म्हणून इथे मांडतो. तिला जगायला एवढं पाणी लागत नाही. बांधावरची हरळी एप्रिल-मेमध्ये पांढरी पडते, चुरचुरते, आणि जूनच्या सरीनंतर काश्यांतून परत उठते. तिला टँकर लागल्याचं कुणी ऐकलेलं नाही. भर मे महिन्यात, रोज रात्री, प्रकाशझोतात ती हिरवी आणि गुबगुबीत दिसावी ही मागणी आपली. पाणी जातं ते त्या मागणीला.

आजच्या बड्या मैदानांवर जी हरळी असते ती बांधावरची नव्हे हे खरं. तिचं घराणं जॉर्जियातल्या टिफ्टन गावचं. तिथल्या कृषी संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन १९३६ साली रुजू झाले ते गुरांच्या चाऱ्याच्या गवतावर काम करायला. गोल्फवाल्यांच्या आग्रहावरून ते हिरवळीकडे वळले. त्यांची सर्वांत गाजलेली जात म्हणजे १९६० साली प्रसारित झालेली टिफवे, क्रमांक ४१९. ती त्यांनी ठरवून केलेल्या संकरातून आलेली नाही. दक्षिण आफ्रिकेतून मागवलेल्या बियांतून उगवलेल्या रोपांत एक योगायोगाचं संकरित रोप निघालं आणि बर्टन यांनी ते हेरलं. आईबापांपैकी एकाकडे गुणसूत्रं ३६, दुसऱ्याकडे १८, आणि या रोपात २७. तीन संचांची ही विषम बेरीज बीजनिर्मितीत अडकते, म्हणून टिफवेला उगवणारं बी धरतच नाही. ती पसरते ती फक्त पेरातून. म्हणजे जगात जिथे जिथे अस्सल टिफवे आहे, फुटबॉलची मैदानं, गोल्फचे फेअरवे, बंगल्यांपुढची लॉनं, तिथे तिथे त्या एकाच रोपाचं अंग पसरलेलं आहे. यजुर्वेदातल्या त्या विनवणीची इतकी शब्दशः पूर्तता ऋषीलाही अपेक्षित नसावी.

बर्टन यांचा दुसरा ध्यास बाजरी होता, आणि त्याचा धागा थेट आपल्या ताटापर्यंत येतो. टिफ्टनमध्ये तयार झालेला बाजरीचा नर-वंध्य वाण, २३-ए, भारतात आला. त्याला मादी धरून लुधियानात अठवाल यांनी देशातली पहिली संकरित बाजरी काढली, एचबी-१, साल १९६५. उत्पादन पाहून शेतकरी हरखले. पण त्यानंतरच्या संकरित वाणांतही मादी म्हणून तोच २३-ए वापरला जात राहिला, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाने, कणसात दाण्यांऐवजी पानांचे झुपके आणणाऱ्या त्या बुरशीने, ही बाजरी देशभर झोपवली. सगळ्या रानांत एकच आई असली की रोगालाही एकच दार शोधावं लागतं. एका रोपाच्या अंगाने झाकलेल्या मैदानांनाही हे लागू आहे, आणि टिफ्टनमध्ये त्यानंतरही नव्या जातींचं काम थांबलेलं नाही.

शिवाय नक्कल करताना चुका होतातच. पेरापेरातून अब्जावधी वेळा स्वतःला उतरवून काढताना हरळीत कुठेतरी पाठभेद शिरतो: हिरवळीत हाताएवढा एक ठिपका, थोडा गडद, थोडा बुटका, थोडा बारीक पात्यांचा. काटेकोर माळी तो दिसताच खणून काढतो, कारण चेंडू त्यावरून वेगळा पळतो. पण बर्टन यांच्याच टिफग्रीन या जातीच्या गोल्फ हिरवळींवर असे बुटके ठिपके दिसले तेव्हा ते टाकून न देता टिफ्टनला पाठवले गेले. त्यांतून टिफड्वार्फ ही जात निघाली, एचबी-१ बाजरीच्याच वर्षी, म्हणजे ह्यूस्टनच्या घुमटाखाली गवत मेलं त्याच वर्षी. ती टिफग्रीनपेक्षाही खाली कापून घेते. पुढे टिफड्वार्फच्या हिरवळीवरही ठिपके उमटले, आणि त्यांतल्या एकापासून चॅम्पियन ही जात झाली.